थोरल्याच्या तंबूत धाकट्याचा सिनेमा

मुक्काम घर
दिनांक ९ फेब्रुवारी १९९८

श्रीयुत गोरख सावळेराम,
चित्रपट निर्माते, मुंबई, यांस,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो विसरलेला नाही. लिहिलेला नाही, एवढेच ध्यानात घ्यावे. सोळा वर्षांनंतर थोरल्या भावाने धाकट्यास पत्र लिहावे आणि ते अशा कारणासाठी लिहावे, याची लाज दोघांपैकी कोणास वाटावयास हवी, हे आपण ठरवावे.

आपला 'पेटला तंबू, पळाले भाऊ' हा चित्रपट मी गेल्या शुक्रवारी मंचर येथे पाहिला. सोबत आपल्या वहिनी ठकूबाई आणि आपल्या तंबूचा दारवान म्हस्कू असे दोघे होते. मी फेटा बांधून गेलो होतो, कारण निर्मात्याच्या नावात आपल्या वडिलांचे नाव पडद्यावर येणार हे मला ठाऊक होते. ते आले. मी हात जोडले. त्यानंतर हात जोडावेत असे काही आले नाही.

मी चौथी इयत्ता शिकलेला माणूस आहे. परंतु सावळेराम टुरिंग टॉकीजचा मालक या नात्याने जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील जत्रांना मी जन्मभर चित्रपट दाखवीत आलो आहे, आणि प्रेक्षक कोठे हसतो व कोठे विडी पेटवितो हे मी पडद्याकडे पाठ करूनही सांगू शकतो. आपल्या चित्रपटात फौजदार शेणात तीनदा पडतो. पहिल्या वेळी लोक हसतात. दुसऱ्या वेळी पाहतात. तिसऱ्या वेळी लघवीस जातात. दोन चोर तिजोरी समजून पिठाची कोठी पळवितात, तेथे ठकूबाई थोडी हसली, आणि लगेच म्हणाली, "पीठ सांडलं की समदं. आता चाळायचं कुणी." चोरीचा चित्रपट असून चोरी कशाची होते हे मध्यंतरापर्यंत कळत नाही आणि मध्यंतरानंतर कोणास त्याची फिकीर राहत नाही.

हे सारे मी सोसले असते. वाईट चित्रपट काढणे हा गुन्हा नाही. असता तर मी असंख्य गुन्हेगारांना तंबूत आसरा दिला असे ठरले असते. परंतु आपल्या चित्रपटात दोन दुरावलेले भाऊ आहेत. त्यांचा फिरता सिनेमा आहे. थोरल्याचे नाव 'हौशा शेठ' आहे. तो डाव्या खांद्यावर फेट्याचा शेमला सोडतो आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरतो. म्हस्कू माझ्या कानाशी लागून म्हणाला, "शेठ, ह्ये बेनं तुमच्यावानीच खाकरतंय की." आणि हा हौशा शेठ विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या हाताने तंबू पेटवितो.

परवा आळेफाट्यावर आमच्या ट्रकचे चाक काढण्यासाठी थांबलो असता एका ड्रायव्हरने मला विचारले, "काय शेठ, इम्याचं पैसं आलं का न्हाई?" गॅरेजमधील सारी माणसे पोट धरून हसली. आपल्या चित्रपटाला आलेला एवढा मोठा हशा मी प्रथमच ऐकला. तो थिएटराच्या बाहेर आला.

आता कारण लिहितो. १९८२ साली आपल्या गावच्या चैत्री जत्रेत तंबू जळाला. पंचांपुढे उभे राहून मी सांगितले की वायर जुनी होती, चूक मालकाची आहे. त्या दिवसापासून आपल्याच वडिलांच्या नावाच्या तंबूला आपल्याच गावच्या जत्रेत जागा मिळत नाही. हे मी मुकाट्याने स्वीकारले. परंतु आपल्या तंबूचा विमा कधीही नव्हता, आणि मी तो पेटविला नाही. आग कोणाच्या हातून लागली हे दोन माणसांस ठाऊक आहे. त्यांतला एक हे पत्र लिहीत आहे आणि दुसरा ते वाचीत आहे.

माझी मागणी एकच आहे. यंदाच्या चैत्री जत्रेस आपण गावी यावे आणि माइकवर, साऱ्या गावासमोर, 'माझ्या भावाने तंबू पेटविला नाही' एवढे वाक्य उच्चारावे. ते न केल्यास मी ते आपणांकडून माझ्या पद्धतीने वसूल करीन. माझी पद्धत आपणांस ठाऊक आहे. आपण तिच्यातच वाढलात.

हौशीराम सावळेराम

•

मुक्काम घोडेगाव
दिनांक २७ फेब्रुवारी १९९८

गोरख सावळेराम यांस,

आपले उत्तर पत्राने न येता आपल्या बहिणीच्या, सारजाबाईच्या मुखाने आले. आपण तिला फोन केला आणि तिने तो निरोप अवसरीहून एस.टी.ने येऊन मला सांगितला. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, म्हणजे आपण काय बोललात हे आपणांस पुन्हा एकदा कळेल. "गोरख म्हनला, दादाला म्हनावं सिनेमा सिनेमासारखा बघ. मनाला लावून घेऊ नको. हसून सोडून दे. आन् दादरच्या थेटराचं दोन पास धाडलेत."

तंबूच्या मालकास आपण फुकट पास पाठविलेत. ते पास मी म्हस्कूच्या शेळीपुढे धरले. तिने एक खाल्ला.

आपणांस एक वार्ता द्यावयाची आहे. आपला चित्रपट मुंबईत आठवडाभरही न टिकल्यामुळे वितरकाने त्याची प्रिंट हंगामापुरती सावळेराम टुरिंग टॉकीजला दिली आहे. रिळांच्या पेट्या माझ्या खाटेखाली आहेत. मी त्यांवर निजतो.

माझा विचार साधा होता. हा चित्रपट मी प्रत्येक जत्रेत दाखवावा, पूर्ण दाखवावा, त्यातील एकही रीळ गाळू नये, आणि दोन्ही तालुक्यांनी आपले नाव घेऊन शिव्या द्याव्यात. भीमाशंकराहून महाशिवरात्र करून परतणारे लोक घोडेगावात मुक्कामास थांबतात, म्हणून आरंभ येथून केला. तंबू भरला. पहिल्या अर्ध्या तासातच हाकाटी सुरू झाली. "वो शेठ, बदला की पिक्चर." "देवाचा असंल तर देवाचा लावा." आपणांस आठवत असेल, लोक कंटाळले की लावण्यासाठी एक राखीव चित्रपट ट्रकमध्ये नेहमी ठेवलेला असतो. तो मी या वेळीही ठेवला होता आणि लावला नाही. फौजदार तिसऱ्यांदा शेणात पडला तेव्हा एका म्हातारीने तिकीट फाडून टाकले व म्हणाली, "आमी द्येव बघून आलो आन् ह्ये काय बघाया लावलंय." मला त्या क्षणी फार समाधान वाटले, हे मी लपवीत नाही.

त्यानंतर आगीचे रीळ आले. हौशा शेठ पडद्यावर काडी ओढतो, कनातीला लावतो आणि दात दाखवितो. तेव्हा साऱ्या तंबूने मान वळविली. पडद्याकडे पाठ करून लोक माझ्या ट्रककडे, यंत्रामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहू लागले. कोणी तरी म्हणाला, "खरा हौशा त्यो बघ मागं हुभा हाय. काड्याची पेटी काढून घ्या रं त्याच्याकडनं." आणि सारे हसले. माझ्या तंबूत, तिकीट काढून, मला हसले.

गोरख, तू ऐक आता. 'आपण' लिहिण्याचा मला कंटाळा आला आहे.

यंत्रातील उजेडाची कार्बनची कांडी जळून आखूड झाली की तिचा तापलेला तुकडा पाण्याच्या डब्यात टाकावयाचा, ही आपल्या तंबूची पहिली शिस्त. तुला ती मी शिकविली. त्या दिवशी शेजारच्या राहुटीत तमाशाची ढोलकी वाजली, तू घाईने कांडी बदललीस, तापलेला तुकडा वाळल्या गवतावर फेकलास आणि यंत्र चालू ठेवून ढोलकीकडे गेलास. मी तिकिटाच्या टेबलाशी उभा होतो. तुझा हात मी पाहिला. तुकडा मी पाहिला. पोहोचेपर्यंत कनात धरली होती. म्हस्कूने पेटते कापड हातांनी ओढून काढले म्हणून बायकांच्या बाजूचे लोक निघाले. त्याची बोटे अजून सरळ होत नाहीत.

पंचांनी विचारले तेव्हा तू माझ्यामागे उभा होतास. तुझे लग्न पंधरवड्यावर होते. शीलेच्या घरी पत्रिका पोहोचल्या होत्या. जत्रा जाळून तमाशाला गेलेल्या मुलास कोणी मुलगी दिली नसती. मी वायरीचे नाव घेतले. लग्न झाले. महिन्याभरात तू मुंबईस गेलास, कारण तू म्हणालास की दादा आता माझ्याशी नीट बोलत नाही. ते खरे होते. मी बोलत नव्हतो. त्यावाचून दुसरे काय करावयाचे ते मला ठाऊक नव्हते.

आणि आता तोच दादा काडी ओढतो, दात दाखवितो. हे तुला विनोदी वाटले.

हौशीराम

•

मुक्काम घर
दिनांक १० मार्च १९९८

गोरख,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तरीही ते पत्राच्या रीतीने लिहीत आहे, कारण या कामातली खुबी समजेल असा दुसरा माणूस आता तालुक्यात उरलेला नाही.

तुझ्या चित्रपटाचे रीळ मी मांडीवर घेतले. प्रत्येक तंबूवाला लांब गाणी कापतो, त्यात नवे काही नाही. मी निराळे केले. तुझ्या चित्रपटात धाकटा भाऊ नायिकेमागे गाणे म्हणत फिरतो. गाण्याच्या शेवटी तो पाठमोरा होतो आणि जळती सिगरेट मागच्या मागे कडब्याच्या पेंढीवर उडवून निघून जातो. तुझ्या दिग्दर्शकास ते रुबाबदार वाटले असावे. तो तुकडा मी तेथून काढला. हौशा शेठने काडी ओढल्याचा तुकडाही काढला, आणि त्या जागी हा बसविला. आता धाकटा सिगरेट फेकतो, निघून जातो, आणि तंबू पेटतो. नंतर थोरला धावत येतो. मूळ चित्रपटात तो पळून जाण्यासाठी धावत होता. आता तो आग विझविण्यासाठी धावतो. त्याच्या धावण्यात मी काहीही बदल केलेला नाही.

एकच अडचण राहिली. तुकड्यासोबत फिल्मच्या कडेवर छापलेला आवाजही येतो, त्यामुळे गाण्याची अर्धी ओळ आगीच्या आधी ऐकू येते. "ये ना गं साजणी" एवढे होते आणि कनात भडकते. त्यास माझा इलाज नाही.

म्हस्कू फिल्मचे टोक धरून बसला होता. त्याच्या बोटांत पट्टी सरळ राहत नाही म्हणून तो ती दोन्ही तळव्यांत दाबून धरतो. जोड सुकेपर्यंत त्याने ती तशीच धरली. मग म्हणाला, "शेठ, आता ह्ये खरं झालं का खोटं?"

मी म्हणालो, "जोड पक्का झाला."

ठकूबाई दारातून पाहत होती. "धाकल्या भावाच्या पिक्चरला कातर लावताय व्हय ह्या वयात," ती म्हणाली.

"त्याने मला लावली तेव्हा तू पीठ चाळीत होतीस," मी म्हणालो. तिने दिवसभर माझ्याशी अबोला धरला आणि जेवण मात्र वेळेवर वाढले.

हात लागलाच होता म्हणून फौजदाराचे शेणातील दुसरे व तिसरे पडणे काढून टाकले. पिठाची कोठी आगीमागोमाग आणली. काल हा चित्रपट बेल्ह्याच्या बाजारी दाखविला. लोक जागचे हलले नाहीत. सिगरेट पडली, अर्धी ओळ वाजली, तंबू पेटला, आणि हशा असा उठला की कनातीचा एक खुंटा सैल झाला. "आरं, धाकलंच बेनं निघालं," असे बायकांच्या बाजूने कोणी तरी म्हणाले. कोणीही मागे वळून माझ्याकडे पाहिले नाही.

चित्रपट चांगला झाला आहे. हे मला आवडलेले नाही. परंतु वसुलीला निघालेल्या माणसाने बैल धष्टपुष्ट आहे अशी तक्रार करू नये.

आता तुला येथे आणावयाचे आहे. तुला गावासमोर, पहिल्या रांगेत, खुर्चीवर बसवावयाचे आहे.

हौशीराम

•

मुक्काम अवसरी खुर्द, सारजाबाईचे घर
दिनांक २ एप्रिल १९९८

चिरंजीव गोरख यास,

मागील पत्रात रागाच्या भरात काही कठोर शब्द लिहिले गेले. वडीलकीच्या नात्याने ते तू पोटात घालावेस. आनंदाची वार्ता कळविण्यास हे पत्र लिहीत आहे.

तुझ्या चित्रपटाने आपल्या भागात चांगलाच जम बसविला आहे. आम्ही खेळाच्या सोयीसाठी किरकोळ छाटणी केली, जी सर्वच तंबूंत करावी लागते. बाकी श्रेय तुझेच. मंचरच्या कॉलेजची मुले काल पहिला खेळ पाहून उठलीच नाहीत, दुसऱ्या खेळास पुन्हा तिकीट काढून बसली. त्यांतला एक मला म्हणाला, "काका, डायरेक्टर डोकेबाज हाय राव." मी त्यास होकार दिला.

दुसरी वार्ता अशी की आपल्या गावच्या जत्रा कमिटीचे कुशाबा स्वतः येथवर आले. संभाषण लिहितो.

"हौशीरामशेठ, गोरखभाऊचं पिक्चर गाजतंय म्हनं."

"गाजत आहे."

"मग आपल्याच गावात का न्हाई? त्याला परमुख पावणं म्हनून बोलवू. सत्कार करू. गावचं नाव व्हतंय."

"आपल्या गावात माझ्या तंबूस जागा नाही. तो ठराव आपल्याच सहीचा आहे."

कुशाबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "येका दिसापुरतं लावा की. ठराव कुटं पळून जातोय." आणि उठता उठता म्हणाले, "वायर तेवढी नवी आना म्हंजी झालं."

नवी आणतो, असे मी म्हणालो. तंबू लावण्याचे मान्य केले. तुझा चित्रपट आला म्हणून वडिलांच्या नावाचा तंबू एका दिवसापुरता का होईना, गावात उभा राहणार आहे. ही गोष्ट तुला कशी वाटते ते मला ठाऊक नाही, मला कशी वाटते ते लिहिण्याचे येथे कारण नाही.

तरी रविवार दिनांक १९ रोजी शीलेसह अगत्याने यावे. फेटा मी स्वतः बांधीन. खुर्ची पडद्यासमोर, मधोमध ठेविली आहे.

तुझा थोरला भाऊ,
हौशीराम

•

मुक्काम घर
दिनांक २२ एप्रिल १९९८

गोरख यास,

तू न जेवता गेलास. ठकूबाईने तुझ्या व शीलेच्या वाटणीच्या पोळ्या म्हस्कूच्या घरी दिल्या. त्या दिवशी जे झाले त्यातले अर्धे तू खुर्चीवरून पाहिलेस आणि अर्धे मी ट्रकमधून. यास्तव माझा अर्धा भाग तुला कळविणे योग्य वाटते.

तू मोटारीतून उतरून पाया पडलास. मी फेटा बांधला. तुझे केस मागे विरळ झाले आहेत, हे मला बांधताना समजले. तू म्हणालास, "दादा, राग गेला ना?" मी म्हणालो, "मान सरळ ठेव, पेच सुटतो." आपणां दोघांत तोवर एवढेच बोलणे झाले होते, आणि ते पुरेसे होते, कारण बाकीचे पडद्यावर व्हावयाचे होते.

दिवेलागणीस खेळ सुरू झाला. कुशाबांनी तुला नारळ दिला, शाल दिली, "आपल्या मातीतला निर्माता" असे दोनदा म्हटले. तू मधोमध बसलास. लोक हसू लागले तसा तू मागे वळून माणसे पाहू लागलास. ट्रकच्या झरोक्यातून मला तुझा चेहरा दिसत होता. तुला इतका आनंद झालेला मी तू सायकल शिकलास तेव्हा पाहिला होता. मी यंत्राकडे पाहू लागलो.

मग गाणे आले. पाठमोरा धाकटा. सिगरेट. "ये ना गं साजणी." कनात भडकली. सारे गाव हसले, आणि आपल्या गावाचे हसणे बेल्ह्याच्या हसण्यासारखे नव्हते. येथे त्या जळलेल्या तंबूत बसलेली माणसे होती. त्यांतल्या अंबाबाईचा आवाज मी ओळखला. "गोरख्या, इझवून तरी टाकायची व्हती रं." ती थट्टेनेच म्हणाली. तुला ती थट्टा वाटली नाही, हे तुझ्या पाठीवरून मला कळले. तू उठलास.

तू ट्रकच्या फळीवर हात ठेवून उभा राहिलास. "दादा, ह्यो जोड माझ्या पिक्चरमधला नाय."

"नाही. माझ्या तंबूतला आहे."

"पत्रात लिवलंस ते खरं? तू पाह्यलं व्हतंस? तवा?"

"तुकडाही पाहिला. हातही पाहिला."

"मला वाटलं तुला ठावंच न्हाई, पत्रात रागानंच लिवलंस. मला वाटलं तू खरंच वायर समजलास." तू हे म्हणालास तेव्हा तुझा फेटा कलंडला होता. "सोळा वर्सं मला वाटत व्हतं, वायरच आसंल. मीच मला सांगत व्हतो. पिक्चर लिवताना बी मला वाटलं, गंमत हाय."

मी रीळ चालू ठेवले. तू गेलास तो सरळ पडद्यासमोर, माइकजवळ, आणि हात वर केलास. चालू खेळ थांबविण्याचा आपल्या तंबूचा नियम नाही. मी थांबविला. तू जे बोललास ते मी येथे लिहितो, म्हणजे उद्या ते नाकारता येणार नाही.

"मंडळी, दोन मिंटं. ब्याऐंशी साली हितं तंबू जळाला. ह्या पिक्चरमुळं लोक म्हनाया लागले, दादानं पेटवला. ते खोटं हाय. माझ्या भावानं तंबू पेटवला न्हाई. इमा बी नव्हता. वायर बी धड व्हती. त्या दिशी कार्बनची कांडी..."

येथे माइक बंद पडला. तो मी बंद केला. ध्वनियंत्रातून माइकची वायर ओढून काढली आणि चित्रपट सुरू केला, आवाज पूर्ण सोडून. तू बोलतच होतास. दोन चोर पिठाची कोठी घेऊन तुझ्या शर्टावरून, तुझ्या तोंडावरून धावत गेले. पीठ सांडले, लोक हसले, आणि तू त्या उजेडात हात हलवीत उभा होतास. मग तू थांबलास. शीला येऊन तुला घेऊन गेली.

म्हस्कू माझ्याशेजारी होता. "शेठ, बोलू द्यायचं व्हतं की त्यास्नी," तो म्हणाला. "माझी बोटं हाईत ह्यात."

त्यालाही सारे ठाऊक होते, हे मला त्या वेळी समजले. कधीपासून, ते मी विचारले नाही. त्याची क्षमा मी मागितली. ती बाब माझी व त्याची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबा आले. पुढील वर्षी तंबूस जागा देण्याचे कमिटीने ठरविले आहे. मग खाली बसून हळूच म्हणाले, "गोरखभाऊ फुडं काय सांगत व्हता वो? कांडीचं कायतरी."

"वायर सैल झाली होती," मी म्हणालो.

त्यांनी चहा बशीत ओतला. "तुमच्या वायरी म्हंजी लई वाईट बघा, शेठ," असे म्हणून चहा पिऊन गेले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. तुला वाटेल की दादाने पुन्हा मला झाकले. तसे मुळीच समजू नकोस. मला जे वाक्य पाहिजे होते ते तू साऱ्या गावासमोर बोललास, आणि ते मी पुरते ऐकून घेतले. त्याच्या पुढचे मला नको होते. सोळा वर्षे मी ते ओझे या गावात वागविले; माना वळल्या, तंबूस जागा मिळाली नाही, आणि मी ते खाली ठेवले नाही. तू ते दोन मिनिटांत, शाल अंगावर असताना, टाळ्यांच्या गजरात टाकून मोटारीत बसणार होतास. लोक म्हणाले असते, केवढ्या मनाचा माणूस. माझ्याच तंबूत, माझ्याच माइकवर. ती मोकळीक मी तुला दिली नाही. जे उरले आहे ते तुझे तू मुंबईस ने, तुझ्या घरात ठेव, आणि तुला ते किती जड लागते ते पाहा. मी वसूल करीन असे लिहिले होते. हीच ती वसुली.

ठकूबाईचे मत निराळे आहे. ती म्हणते, "लगनाच्या येळंला झाकलं, चाळिशी उलटल्यावर बी झाकलं, आन् म्हनं सूड." तिचे मत येथे केवळ नोंदवितो. ते मला मान्य नाही.

शनिवारपासून आळेफाट्याजवळ मुक्काम आहे. तुझा चित्रपट तेथेही माझ्याच जोडणीने चालेल. त्यात पुन्हा काही बदल करावयाचा असे तुझ्या मनात असेल तर रिळे माझ्या खाटेखालीच आहेत. तक्रार असल्यास समक्ष येऊन मांडावी. टपालाने आलेली तक्रार मी वाचणार नाही.

हौशीराम सावळेराम